वाचक विचारतात: घरकुलाचा पैसा दिल्लीहून गल्लीत येतो तरी कसा?

मागच्या अंकात घरकुलावर दोन ओळी काय लिहिल्या, पत्रांचा नुसता ढीग झाला. व्हॉट्सॲपवर आलेले वेगळेच. अर्ध्याहून जास्त लोकांचा सूर एकच, की वरून पैसा येतो आणि मधे कुणीतरी खातं. खाणारे असतात, नाही असं म्हणत नाही. पण मी नगरपालिकेच्या अकाउंट खात्यात आयुष्य काढलेला माणूस आहे, आणि मला वाटतं निम्मी भांडणं आपण चुकीच्या टेबलासमोर उभं राहून करतो. म्हणून यावेळी सगळे प्रश्न याच विषयाचे घेतलेत. नावं कुणाचीच दिलेली नाहीत, गावं तेवढी खरी ठेवलीत.

प्रश्न, अमळनेरहून: आमच्या नगरपालिकेला केंद्राकडून घरकुलासाठी कोट्यवधी रुपये येतात असं पेपरात वाचतो. मग वाटप कोण करतं? नगरसेवक म्हणतो माझ्या हातात आहे, साहेब म्हणतात सगळं वरून ठरतं. खरं कोण बोलतंय?

उत्तर: साहेब जास्त खरं बोलतायत, पण पूर्ण नाही.

आपली समजूत अशी असते की दिल्लीहून एक गठ्ठा रक्कम येते, ती पालिकेच्या तिजोरीत पडते आणि मग मीटिंगमधे बसून याला द्या त्याला द्या असं होतं. घरकुलाचं असं नाहीच्चे. पंतप्रधान आवास योजना शहरी २५ जून २०१५ ला सुरू झाली, आणि तिचा दुसरा अवतार, ज्याला सगळे २.० म्हणतात, तो १ सप्टेंबर २०२४ पासून आहे, देशभरात पाच वर्षांत १ कोटी घरं असं टार्गेट आहे. दोन्हीमधे पद्धत उलटी आहे. आधी नावं वर जातात आणि मग पैसा खाली येतो. म्हणजे तुम्ही अर्ज करता, पालिका कागद तपासते, पात्र नावांची यादी करून त्याचा डीपीआर, म्हणजे सविस्तर प्रकल्प अहवाल, बनवते, तो म्हाडाकडे जातो कारण महाराष्ट्रात या योजनेचं काम बघणारी मुख्य संस्था (नोडल एजन्सी) म्हाडा आहे, तिथून राज्याच्या मंजुरी समितीपुढे आणि शेवटी दिल्लीतल्या केंद्रीय मंजुरी समितीपुढे. तिथं शिक्का बसला की स्वतःच्या जागेवर बांधणाऱ्याला केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख असे अडीच लाख मंजूर होतात, तेही एकदम नाही, हप्त्यानं, आणि थेट तुमच्या बँक खात्यात.

या सगळ्यात नगरसेवकाच्या हातात रोकड कुठंच येत नाही. मग तो "माझ्या हातात आहे" का म्हणतो? कारण सुरुवातीचं टोक खरंच त्याच्याजवळ असतं. अर्ज भरायचा कॅम्प कोणत्या वस्तीत लागला, कुणाला वेळेवर कळलं, कुणाचा उत्पन्नाचा दाखला पटकन निघाला, कुणाच्या फाईलवर त्रुटी असूनही फोन करून सांगितलं गेलं की बाबा हा कागद आण. यादीतून नाव कापायची गरजच पडत नाही, नाव यादीपर्यंत पोचलंच नाही की काम झालं. म्हणून मी म्हणतो हप्ता आला का नाही याच्यासाठी पालिकेत चकरा मारण्यापेक्षा डीपीआर जाण्याआधीची यादी बघा. कोणत्या प्रभागातून किती अर्ज आले, किती पात्र ठरले, बाकीचे कोणत्या कारणानं बाद झाले, हे माहिती अधिकारात मिळतं. दहा रुपयांचा अर्ज, दारिद्र्यरेषेखालच्यांना तेही माफ, ३० दिवसांत उत्तर.

आणि "नाव टाकायचे" म्हणून कुणी पाच-दहा हजार मागत असेल तर देऊ नका भाऊ. नाव टाकायला पैसे लागत नाहीत, आणि त्या माणसाला दिल्लीत कुणी ओळखत पण नाही.

प्रश्न, भुसावळहून, एक ताई लिहितात: आमचा प्लॉट शंभर रुपयांच्या स्टॅम्पवर घेतलेला आहे. पंधरा-वीस वर्षं झाली, घरपट्टी आम्ही भरतो, लाईट मीटर आमच्या नावावर. तरी अर्ज नामंजूर. आम्ही गरीब नाही का?

उत्तर: ताई, तुमच्या गरिबीबद्दल शंकाच नाही, तुमच्या कागदाबद्दल आहे.

तुमच्यासारखी पत्रं मला सगळ्यात जास्त आलीत, भुसावळ, चोपडा, शहादा, धुळ्याचं देवपूर, सगळीकडून. आपल्याकडे शहराच्या कडेची शेतं तुकडे पाडून विकली गेली, एन.ए. म्हणजे बिगरशेती परवानगी नाही, ले-आऊट नाही, स्टॅम्पवर सह्या आणि चहा. घरपट्टीची पावती म्हणजे फक्त कर भरल्याचा पुरावा आहे, मालकीचा नाही, हे पावतीवरच बऱ्याचदा छापलेलं असतं पण वाचतं कोण. स्वतःच्या जागेवर बांधायच्या घटकात मात्र जागा तुमची आहे हे दाखवावं लागतं, म्हणजे सिटी सर्व्हेचा उतारा किंवा सात-बारा, नाहीतर सरकारनं दिलेला पट्टा.

मग रस्ता काय? तुमची जागा कुठल्या प्रकारची आहे ते आधी बघा. खासगी शेतजमिनीचा बेकायदा तुकडा असेल तर गुंठेवारी, म्हणजे असे तुकडे शुल्क भरून नियमित करून घ्यायचे. त्याचा कायदा २००१ चा आहे आणि २०२१ च्या दुरुस्तीनं ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामं त्यात बसतात. अर्ज पालिकेकडेच करायचा, शुल्क भरायचं, आणि जागा आरक्षणात किंवा नदीच्या पूररेषेत नसली पाहिजे. जागा सरकारी असेल, म्हणजे तुम्ही अतिक्रमणात असाल, तर १ जानेवारी २०११ च्या आधीपासून राहत असल्याचा पुरावा हा कळीचा मुद्दा, कारण राज्याचं अतिक्रमण नियमित करायचं धोरण त्या तारखेशी बांधलेलं आहे. जुनं लाईट बिल, मतदार यादीतलं नाव, पोरांच्या शाळेचा दाखला, जे असेल ते शोधून ठेवा. जागा रेल्वेची असेल, आणि भुसावळात हे विचारावंच लागतं, तर पालिका काही करू शकत नाही. ती केंद्राची जमीन आहे, पालिकेला तिचा पट्टा देता येत नाही.

तिसरा प्रकार पण लय असतो. जागा गावठाणातली, वडिलोपार्जित, उतारा आहे पण तो आजोबांच्या नावावर, आणि वारस बारा. त्यातले तीन सुरतला, एक पुण्याला, एकाशी बोलणं बंद. इथं योजनेचा दोष नाही. वारस नोंद आणि वाटणीपत्र किंवा बाकीच्यांचं संमतीपत्र, हे केल्याशिवाय पुढं सरकत नाही. कॅम्प लागल्यावर तलाठ्याकडे धावण्यापेक्षा हे आत्ताच करून ठेवा, त्यासाठी योजना चालू असायची गरज नाही.

इथं मला पालिकांवर राग आहे तो सांगून टाकतो. ज्या पालिकेनं आधी बसून वस्तीच्या वस्ती गुंठेवारीत नियमित करून घेतली, उतारे हातात दिले, तिथले डीपीआर भराभर मंजूर होतात. ज्यांनी नाही केलं तिथं अर्ज हजारोनं येतात आणि बाद पण हजारोनं होतात आणि मग पेपरला बातमी येते की "लाभार्थ्यांचा प्रतिसाद कमी". प्रतिसाद कमी नाहीये हो, उतारे कमी आहेत.

प्रश्न, पारोळ्याहून: जुनं घर पाडलं, पाया केला, पहिला हप्ता आला. दुसरा येता येईना. भाड्यानं राहतोय, सिमेंटवाल्याची उधारी वाढत चालली. पालिकेत गेलो की म्हणतात वरून फंड नाही. हे थापा मारतात का?

उत्तर: थापा असतीलच असं नाही. केंद्र स्वतःचा हिस्सा ४०, ४० आणि २० टक्के असा तीन टप्प्यांत सोडतं, आणि दुसरा टप्पा सोडायच्या आधी पहिल्या पैशातले किमान ७० टक्के खर्च झाल्याचं उपयोगिता प्रमाणपत्र मागतं. हे प्रमाणपत्र तुमच्या एकट्याच्या घराचं नसतं, सगळ्या प्रोजेक्टचं असतं. म्हणजे तुम्ही पाया करून बसलात पण तुमच्याच यादीतल्या निम्म्या लोकांनी काम चालूच केलं नाही, कुणाच्या घरी लग्न निघालं आणि हप्ता तिकडं गेला, कुणाची बांधकाम परवानगी अडकली, तर खर्चाचा आकडा भरत नाही आणि पूर्ण यादीचा पुढचा पैसा थांबतो. हा नियम मला स्वतःला अन्यायाचा वाटतो, वेळेवर बांधणाऱ्याला शिक्षा आणि न बांधणाऱ्याला काहीच नाही, पण आहे तो असा आहे.

तुमच्या बाजूनं तीन गोष्टी तपासा. इंजिनिअरनं येऊन फोटो काढून जिओ-टॅगिंग केलं का, कारण पाया, लिंटेल, छत हे टप्पे फोटोवरूनच मोजतात, साहेबानं डोळ्यानं बघितलं याला किंमत नाही. बँक खातं आधारशी जोडलेलं आहे का, कधी कधी पैसे भलत्याच जुन्या खात्यात जाऊन बसलेले असतात. आणि बांधकाम मंजूर नकाशाइतकंच आहे का. २.० मधे घर ३० ते ४५ चौरस मीटर चटई क्षेत्राचं पाहिजे, आपण "एकदाच बांधायचंय तर मोठं बांधू" म्हणून साठ-सत्तरवर जातो आणि फाईल अडकते.

वाळूचं म्हणाल तर राज्याच्या २०२५ च्या वाळू धोरणात घरकुलवाल्यांना ५ ब्रासपर्यंत वाळू फुकट आहे, तहसीलमधे मागा. गिरणेतून रात्री डंपर भरून जातात आणि घरकुलवाल्याला पाच ब्राससाठी महिना लागतो, हे सगळ्यांना दिसतं, मी वेगळं काय सांगू.

प्रश्न, धुळ्याहून: माझ्याकडे जागाच नाही, भाड्यानं राहतो, एमआयडीसीत कामाला आहे. जागावाल्यांनाच घर देणार का सरकार?

उत्तर: तुमच्यासाठी कागदावर तीन दारं आहेत. भागीदारीतली परवडणारी घरं, म्हणजे म्हाडा, पालिका किंवा बिल्डर प्रोजेक्ट बांधणार आणि दुर्बल घटकातल्या प्रत्येक फ्लॅटमागे केंद्राचा हिस्सा मिळणार. दुसरं, भाड्याची परवडणारी घरं. तिसरं, कर्जावरच्या व्याजाची सबसिडी: घर ३५ लाखांपर्यंतचं, कर्ज २५ लाखांपर्यंतचं, त्यातल्या पहिल्या ८ लाखांवर ४ टक्के सूट, सगळी मिळून जास्तीत जास्त १ लाख ८० हजार, पाच वार्षिक हप्त्यांत. वर्षाचं कुटुंबाचं उत्पन्न ३ लाखांपर्यंत असेल तर अत्यल्प, ६ पर्यंत अल्प, ९ पर्यंत मध्यम गट. देशात कुठंच पक्कं घर नको आणि मागच्या २० वर्षांत कुठल्या सरकारी योजनेतून घर घेतलेलं नको.

आपल्याकडची अडचण अशी की पहिली दोन दारं उघडायला कुणीतरी जमीन द्यावी लागते. मुंबई-पुण्यात बिल्डरला चटई निर्देशांक, म्हणजे त्याच जागेवर जास्त बांधायची मुभा, जास्त मिळाला की परवडतं, धुळ्यात-जळगावात जमीन तुलनेनं स्वस्त आणि फ्लॅटला गिऱ्हाईक कमी, बिल्डर कशाला येईल. म्हणून खान्देशात या योजनेचं नाव काढलं की लोकांच्या डोळ्यापुढं स्वतःच्या प्लॉटवरचं घरकुलच येतं. पालिकेनं स्वतःच्या मालकीचा एखादा भूखंड यासाठी काढला तरच तुमच्यासारख्याचं काम होईल, आणि हा निर्णय महासभेत होतो, दिल्लीत नाही. तोवर बँक कर्ज देत असेल तर व्याज सबसिडी हेच तुमचं दार. लग्न झालेलं असेल आणि वडिलांचं गावी पक्कं घर असेल तर घाबरू नका, योजनेत कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि लग्न न झालेली मुलं एवढंच धरतात.

प्रश्न, चाळीसगावहून, एक रिटायर्ड शिक्षक: माझी मुलगी अमेरिकेत ओहायो राज्यात कोलंबस शहरी भाड्यानं राहते. ती सांगते तिथं शहरानं जाहीर नोटीस लावली, की केंद्राचे पैसे घरं आणि वस्तीसेवांवर कसे वाटायचे ते येऊन सांगा. हे खरंच असं चालतं? की नुसता देखावा?

उत्तर: गुरुजी, प्रश्न लय आवडला, म्हणून जरा लांब सांगतो.

खरं आहे. तिकडं १९७४ च्या कायद्यानं कम्युनिटी डेव्हलपमेंट ब्लॉक ग्रँट नावाची गोष्ट सुरू झाली, लोक तिला सीडीबीजी म्हणतात. पैसा त्यांच्या केंद्राच्या गृहनिर्माण खात्याचा, त्याला हड म्हणतात. सुरुवातीचा फरक इथंच पडतो. ५० हजारांवरच्या बहुतेक शहरांना हा पैसा अर्ज न करता, स्पर्धा न करता, फॉर्म्युल्यानं दरवर्षी थेट मिळतो, राज्य मधे नाही. फॉर्म्युला दोन प्रकारे मांडतात आणि ज्यात शहराला जास्त मिळेल तो धरतात. एकात लोकसंख्येला २५ टक्के वजन, गरिबीला ५० आणि दाटीवाटीनं राहणाऱ्या घरांना २५. दुसऱ्यात जुन्या घरांना निम्मं वजन, म्हणून जुनी, ओस पडत चाललेली कारखान्यांची शहरं त्यात बसतात.

मग शहर ठरवतं. पण मोकळं रान नाही. किमान ७० टक्के पैसा कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या लोकांच्या उपयोगी पडला पाहिजे, आणि ही रेषा त्या भागाच्या मधल्या उत्पन्नाच्या ८० टक्क्यांवर ओढलेली असते. सेवांवर, म्हणजे पाळणाघर, म्हाताऱ्यांना जेवण, बेघरांची मदत, नोकरीचं ट्रेनिंग असल्या गोष्टींवर १५ टक्क्यांच्या वर खर्च चालत नाही. ऑफिसखर्च आणि नियोजन २० टक्क्यांच्या आत. गंमत म्हणजे या पैशातून नवीन घरं बांधायला साधारणपणे परवानगीच नाही, दुरुस्ती, जमीन, रस्ते-गटारी चालतं. नवीन परवडणारी घरं बांधायला होम नावाचा वेगळा फंड १९९० पासून आहे, त्यात शहराला स्वतःचे २५ टक्के घालावे लागतात आणि किमान १५ टक्के वस्तीतल्या ना-नफा गृहसंस्थांसाठी राखून ठेवावे लागतात.

आता तुमच्या मुलीची नोटीस. शहराला तीन ते पाच वर्षांचा एकत्रित आराखडा आणि दरवर्षीचा कृती आराखडा करावा लागतो, वर्षात किमान दोन जाहीर सुनावण्या घ्याव्या लागतात आणि मसुदा ३० दिवस लोकांच्या हरकतींसाठी ठेवावा लागतो. संस्था अर्ज करतात, शहराचं खातं आणि बऱ्याच ठिकाणी एखादी नागरिक समिती त्यांना मार्क देते, शेवटी सिटी कौन्सिल मत टाकतं. वर्ष संपल्यावर पुन्हा हिशेब मांडायचा. पैसा साठवून पण ठेवता येत नाही, वर्षाच्या शेवटाला दोन महिने उरले असताना दीड वर्षाच्या ग्रँटपेक्षा जास्त रक्कम पडून असेल तर हड विचारायला येतं.

देखावा पण असतोच. सुनावणी संध्याकाळी, येणारे थोडके, आणि त्यातही ज्या संस्थांना पैसा पाहिजे त्यांचेच लोक बोलायला, अशी तक्रार तिकडंही आहेच. पण मला जे खटकतं ते आपल्या बाजूचं. आपल्याकडे ७४ व्या घटनादुरुस्तीनं ३ लाखांवर लोकसंख्येच्या शहरात प्रभाग समित्या बंधनकारक केल्या, २०११ च्या जनगणनेत जळगाव ४ लाख ६० हजार आणि धुळे पावणेचार लाख म्हणजे दोघं बसतात, भुसावळ १ लाख ८७ हजार म्हणून सुटतं. पण या समित्यांत नगरसेवक बसतात. चाळीसगावच्या माणसाला बोलावून "पुढच्या वर्षीचे पैसे कशावर लावू" असं विचारायची सक्ती आपल्या कुठल्या ग्रँटला आहे सांगा. मधे तर कित्येक पालिकांवर वर्षानुवर्षं प्रशासक होते, तेव्हा नगरसेवकाला पण कुणी विचारत नव्हतं. मुलीला सांगा सुनावणीला जा, आणि काय बघितलं ते मला लिहून पाठव, छापतो.

प्रश्न, नंदुरबारहून: वस्तीत समाजमंदिर आहे त्याला कायम कुलूप, आणि स्पर्धा परीक्षा करणाऱ्या पोरापोरींना बसायला अभ्यासिका नाही. उन्हाळ्यात पत्र्याच्या घरात बसून काय वाचणार. केंद्राचा पैसा अभ्यासिकेला लावता येत नाही का?

उत्तर: येतो, पण कोणता पैसा ते कळलं पाहिजे.

घरकुलाचा पैसा नाही. तो लग्नातल्या भांड्यांसारखा आहे, प्रत्येकावर नाव कोरलेलं, दुसऱ्याला देता येत नाही. तुम्हाला बघायचाय तो वित्त आयोगाचा पैसा. पंधराव्या वित्त आयोगानं २०२१-२२ ते २०२५-२६ या काळासाठी दहा लाखांखालच्या शहरांना, म्हणजे खान्देशातल्या सगळ्याच, जो निधी ठरवला त्यातला ६० टक्के बांधील होता: ३० टक्के पिण्याच्या पाण्यावर, ३० टक्के स्वच्छता आणि कचऱ्यावर. उरलेला ४० टक्के मोकळा. घटनेच्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांची १८ कामं आहेत, त्यात झोपडपट्टी सुधारणा आहे, दुर्बल घटकांचं हित आहे, शैक्षणिक-सांस्कृतिक कामं पण आहेत, अभ्यासिका त्यात आरामात बसते. फक्त पगाराला हा पैसा चालत नाही, म्हणजे इमारतीची दुरुस्ती, पंखे, टेबलं निघतील पण कुलूप उघडणाऱ्या माणसाचा पगार नाही. आणि बहुतेक अभ्यासिका इथंच मरतात, उद्घाटन होतं, फोटो होतो, माणूस नाही. तो पगार पालिकेच्या स्वतःच्या बजेटमधून काढावा लागतो. एप्रिल २०२६ पासून सोळाव्या आयोगाचा काळ आहे, त्यामुळे नवे नियम हातात घेऊनच बोला, पंधराव्याचे टक्के सांगत बसू नका.

या पैशाला दोन अटी पण होत्या, ऑडिट झालेले हिशेब ऑनलाईन टाका, आणि मालमत्ता कराचा किमान दर जाहीर करून वसुली वाढवत न्या. म्हणजे घरपट्टी न भरणारा जेव्हा "केंद्राचा निधी का येत नाही" म्हणून ओरडतो तेव्हा... असो.

स्वतःच्या बजेटमधे आणखी एक जागा आहे. महिला-बालकल्याणासाठी ५ टक्के आणि दिव्यांगांसाठी ५ टक्के राखून ठेवणं पालिकेला बंधनकारक आहे. मुलींसाठीची अभ्यासिका पहिल्यात मागता येते. बऱ्याच ठिकाणी हा पैसा मार्चच्या शेवटच्या आठवड्यात शिलाई मशीन घेऊन संपवतात. शिलाई मशीनला माझा विरोध नाही, पण दरवर्षी किती शिलाई मशीन!

तुम्ही करायचं ते एवढंच, की जानेवारीत पोरापोरींच्या सह्यांचं निवेदन मुख्याधिकाऱ्यांना आणि तुमच्या प्रभागाच्या नगरसेवकाला द्या, कारण नगरपालिकेचं बजेट फेब्रुवारीअखेर मंजूर होतं. निवेदनात नवी इमारत मागू नका. असलेलं समाजमंदिर उघडा, सकाळी सहा ते रात्री दहा, एवढे पंखे, एवढी टेबलं, एक माणूस, असं लिहा. नवीन इमारत मागितली की टेंडर निघतं आणि अभ्यासिका बाजूला राहते.

प्रश्न, जळगावहून: घरकुल म्हटलं की आमच्या पोटात गोळा येतो. तसलं पुन्हा होऊ शकतं का?

उत्तर: बाहेरगावच्या वाचकांसाठी थोडक्यात. नव्वदच्या दशकात, जळगावात महापालिका नव्हती तेव्हा, नगरपालिकेनं हुडकोचं, म्हणजे घरांसाठी कर्ज देणाऱ्या केंद्र सरकारी कंपनीचं, कर्ज काढून हजारो घरकुलांची योजना हातात घेतली. जागेचे कागद धड नसताना कामं आणि ठेकेदाराला कोट्यवधींचा ॲडव्हान्स असे आरोप झाले, २००६ मधे तेव्हाच्या आयुक्तांनी स्वतः पोलिसांत फिर्याद दिली आणि ३१ ऑगस्ट २०१९ ला धुळ्याच्या विशेष न्यायालयानं ४८ जणांना दोषी धरलं. पुढं अपिलं वगैरे झाली, तो भाग वकिलांचा.

तुमच्या प्रश्नाला उत्तर असं, की तो पैसा अनुदान नव्हता, कर्ज होतं, आणि सगळा निर्णय, ठेका, ॲडव्हान्स एकाच इमारतीत होत होता. आता घर तुम्ही स्वतः बांधता, पैसा तुमच्या खात्यात, ठेकेदारच नाही, त्यामुळे तसा एकगठ्ठा घोटाळा अवघड. आता होतं ते किरकोळ असतं: पक्कं घर असणाऱ्याचं नाव यादीत, एकाच घराचा दोनदा फोटो, हप्त्यामागे कट. पण पालिका किंवा बिल्डर जिथं शेकडो फ्लॅट एकत्र बांधणार आहे, त्या प्रोजेक्टला मात्र जुनेच प्रश्न विचारायचे. जमीन कुणाची? बिगरशेती झाली का? ॲडव्हान्स किती आणि त्यावर व्याज घेतलं का? जळगावकरांना हे प्रश्न शिकवायची गरज नाही, हुडकोच्या त्या देण्यापायी शहराचे रस्ते किती वर्षं तसेच पडून राहिले ते तुम्हीच बघितलंय.

प्रश्न, तळोदा तालुक्यातून: भाऊ, शहरवाल्यांस्ले अडीच लाख आनि आमले कमी, काबर? आम्ही आदिवासी, आमले ते जनमन योजनामा घर भेटई का?

उत्तर: दादा, तुमचं गाव ग्रामपंचायतीत असेल तर तुम्हाला आवास योजनेचा ग्रामीण भाग लागू होतो, तिथं सपाट भागात मूळ रक्कम १ लाख २० हजार आहे, केंद्र ६० आणि राज्य ४० टक्के. वरून रोजगार हमीची ९० दिवसांची मजुरी आणि संडासाचे १२ हजार वेगळे. सरकारचं म्हणणं गावात जागा आणि मजुरी स्वस्त पडते. सिमेंट आणि लोखंड गावात स्वस्त मिळतं का हे मला पण विचारायचंय. ग्रामीण यादी ग्रामसभेपुढं येते, त्यामुळे त्या दिवशी हजर राहा, बायामाणसांना पण घेऊन जा.

जनमन योजना सगळ्या आदिवासींना नाही, ती अतिअसुरक्षित जमातींना आहे, महाराष्ट्रात कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. भिल्ल, पावरा त्यात नाहीत. तुमच्यासाठी आदिवासी विकास विभागाची शबरी घरकुल योजना आहे, अर्ज तळोद्याच्या प्रकल्प कार्यालयात. जातीचा दाखला, जागेचा उतारा किंवा ग्रामपंचायतीचा नमुना ८, आणि आधार जोडलेलं बँक पासबुक घेऊन जा, आणि अर्जावर तारखेचा शिक्का मारून पोच घेतल्याशिवाय तिथून उठू नका.